नाशिकात राहून पीएचडी: गट कसा बांधावा आणि काम तडीस कसे न्यावे

पुण्याला विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्या संशोधकाला निम्मी माहिती विभागाच्या व्हरांड्यातच मिळून जाते. कुठला फॉर्म कोणत्या खिडकीवर द्यायचा, प्रगती अहवाल किती पानांचा चालतो, कुठले नियतकालिक नुसते पैसे उकळते, हे सगळे चहा पिता पिता कळते. नाशिकच्या संशोधकाला तो व्हरांडा नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ सालचे, पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांचे. पण नाशिकमधली संशोधन केंद्रे वेगवेगळ्या महाविद्यालयांत विखुरलेली आहेत. गंगापूर रोडला एक जण रसायनशास्त्रात काम करत असतो, कॉलेज रोडला दुसरी प्राणिशास्त्रात, पंचवटीत तिसरा वाणिज्यात, आणि तिघांची एकमेकांशी साधी ओळखही नसते. त्यातले बरेच जण दिवसभर कुठेतरी शिकवून संध्याकाळी संशोधनाला बसतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काम थंडावते ते विषय अवघड म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा विचारायला जवळ कोणी नसते म्हणून.

म्हणून इथे आधी संशोधकांच्या अभ्यासगटाचे सांगितले आहे. नियम, क्षेत्रकाम आणि प्रबंध त्यामागून.

शनिवारची बैठक

गट सहा ते आठ जणांचा ठेवा. चौघांचाच असला तर लग्नसराईत दोघे गावाला गेले की बैठक मोडते. बारा जणांचा केला तर प्रत्येकाची पाळी तीन महिन्यांनी येते आणि तोवर मागच्या सूचना विसरायला होतात. सहा-आठ जणांत दीड-दोन महिन्यांनी पाळी येते, आणि तेवढ्या काळात एक प्रकरण पुढे सरकते.

विषय निदान तीन वेगवेगळे असू द्या. ज्याला तुमचा विषय येत नाही तोच ‘म्हणजे काय?’ असे सरळ विचारतो, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षकही बऱ्याचदा तेच विचारतात. मात्र पद्धत सारखी असणारे दोघे तरी हवेत: दोघे प्रश्नावलीवाले, किंवा दोघे प्रयोगशाळेतले. नाहीतर नमुना कसा निवडला, चाचणी कुठली लावली यातली चूक कोणाच्याच लक्षात येत नाही.

वेळ शनिवारी संध्याकाळी पाच ते सात. रविवार घराचा असतो, आणि नाशिकात रविवारी सकाळची मिसळ चुकवायला कोणाला सांगू नये. उलट महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून मिसळ खायला जावे, तिथे जे बोलणे होते ते बैठकीत होत नाही. जागेसाठी एखाद्या महाविद्यालयातली विभागाची खोली सगळ्यांत बरी. विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना एक पानाचा अर्ज द्या: कोण येणार त्यांची नावे, वार, वेळ, किल्ली कोणाकडे, दिवे-पंखे बंद करण्याची जबाबदारी कोणाची. तोंडी परवानगी परीक्षांच्या दिवसांत हमखास मोडते. वाचनालयाच्या अभ्यासिकेत बोलता येत नाही, आणि हॉटेलात दोन तास बसायचे तर खर्च वाढतो आणि गलकाही असतो.

बैठकीआधी बुधवारी रात्रीपर्यंत ज्याची पाळी आहे त्याने जास्तीत जास्त पाच पाने पाठवायची. पहिल्या पानाच्या डोक्यावर काय तपासून हवे ते लिहायचे: ‘मांडणी पाहा’, ‘आकडे पाहा’, किंवा ‘फक्त भाषा पाहा’. हे लिहिले नाही तर सगळे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत बसतात आणि युक्तिवादातले भोक तसेच राहते. शनिवारी पहिली दहा मिनिटे प्रत्येकाने एकेका वाक्यात सांगायचे, या आठवड्यात काय केले आणि कुठे अडले. पुढची वीस मिनिटे पाळीवाल्याची. पाने सगळ्यांनी वाचलेली आहेत असे धरून त्याने बोलायचे, वाचून दाखवायचे नाही. चाळीस मिनिटे चर्चा, दहा मिनिटे चहा. उरलेली चाळीस मिनिटे फोन पिशवीत ठेवून प्रत्येकाने आपापले लिहायचे. वेळ कमी पडला की लोक आधी हेच लिहिणे वगळतात. ते वगळू नका; नोकरी करणाऱ्या कित्येकांची आठवड्यातली तेवढीच शांत चाळीस मिनिटे असतात.

एक जाड वही ठेवा. तारीख, पाळी कोणाची, कोणी काय शंका काढली, काय ठरले. सहा महिन्यांनी प्रगती अहवाल लिहायला बसाल तेव्हा अर्धा मजकूर या वहीतच सापडेल.

गट मोडण्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले म्हणजे सगळा गट व्हॉट्सअॅपवर जातो आणि तिथे नुसती पत्रके पुढे ढकलली जातात. तिथे फक्त वेळ, जागा आणि पाने, एवढेच ठेवा. दुसरे म्हणजे एखादा ज्येष्ठ सदस्यच सगळा वेळ बोलतो. त्यावर उपाय असा की दर महिन्याला निमंत्रक बदलायचा आणि चर्चेत पहिले बोलणे नेहमी सगळ्यांत नव्या सदस्याचे ठेवायचे. तिसरे, आपली कल्पना कोणी उचलेल ही भीती. ती खोटी नसते, म्हणून सुरुवातीलाच एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा: गटात आलेला मजकूर बाहेर पाठवायचा नाही, आणि कोणाच्या सूचनेवरून लेखात मोठा बदल झाला तर ऋणनिर्देशात नाव द्यायचे. मार्गदर्शकांना दर आठवड्याला बोलावू नका. सरांसमोर किंवा मॅडमसमोर कोणी ‘मला हे समजलेले नाही’ असे म्हणत नाही, आणि गट तर त्यासाठीच आहे. तीन महिन्यांतून एकदा त्यांना सन्मानाने बोलवा आणि तयार झालेले काम दाखवा.

नियमांतले जे आधीच माहीत हवे

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. जून २०२४ पासून नेटच्या, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, निकालात फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र अशीही एक वर्गवारी असते; त्यातल्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार, आणि हे गुण एकच वर्ष चालतात. वर्ष उलटून गेल्यावर जागा निघाली, ही तक्रार नेहमीची आहे. तेव्हा निकालाच्या दिवशीच ज्या संशोधन केंद्रांत जागा असू शकतात त्यांची यादी करून चौकशीला लागा, आणि विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या पत्रकावर लक्ष ठेवा.

मार्गदर्शक निवडताना दोन आकडे विचारायला संकोच करू नका. एक, त्यांच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत: प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ अशी कमाल मर्यादा आहे. दुसरा, निवृत्तीला किती वर्षे उरली. तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. काठावर असतील तर सहमार्गदर्शक पहिल्या वर्षीच ठरवून घ्या. मध्येच मार्गदर्शक बदलायची वेळ आली तर कागदपत्रांत काही महिने सहज जातात.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे असते आणि त्यात ५५ टक्के मिळवावे लागतात. संशोधन व प्रकाशन नीतीचा २ क्रेडिटचा अभ्यासक्रम त्यात सक्तीचा आहे. मुदत कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षे मिळतात. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ती रीतसर अर्ज करून घ्या. कित्येक जणी ती मागतच नाहीत आणि मग मुदत संपत आल्यावर धावपळ होते. दूरस्थ पद्धतीने केलेली पीएचडी ग्राह्य नाही. अर्धवेळ चालते, पण नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते.

संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, दर सत्रात सादरीकरण करायचे असते. समिती असमाधानी राहिली तर कारणे लिहून सुधारणा सुचवते, आणि त्या झाल्याच नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही करू शकते. म्हणून अहवालात मागच्या वेळच्या सूचना जशाच्या तशा उतरवा आणि प्रत्येकीखाली काय केले ते लिहा. जे झाले नाही तेही लिहा, कारणासह. ‘काम प्रगतिपथावर आहे’ या वाक्यावर कोणाचे समाधान होत नाही. ‘१२० पैकी ७४ मुलाखती झाल्या, उरलेल्या निफाड तालुक्यातल्या आहेत’ अशा वाक्यावर होते.

क्षेत्रकाम: नाशिकचे वेळापत्रक आधी समजून घ्या

इथे सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो, आणि तो टाळता येतो.

द्राक्षावर काम करणाऱ्याने शेतकऱ्याचे वर्ष पाठ करावे. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी बहार छाटणी, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माल काढणी. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या धास्तीत फवारण्यांमागे जातात, फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीची आणि व्यापाऱ्याची चिंता. या काळात तासाभराची प्रश्नावली घेऊन बागेत गेलात तर माणूस ‘हो, हो’ म्हणून तुम्हाला वाटेला लावतो आणि तुमच्या आकडेवारीत त्या ‘हो, हो’ची भर पडते. जुलै-ऑगस्ट बरा. प्रश्नावली चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका, आणि आधी दहा जणांवर चाचणी घ्या. एकर, गुंठा, क्विंटल, क्रेट हे शब्द जसे शेतकरी वापरतो तसेच विचारा. हेक्टरमध्ये रूपांतर घरी बसून करता येते.

कांद्याच्या बाजारावर काम असेल तर लासलगाव किंवा पिंपळगाव बाजार समितीत लिलाव चालू असताना मुलाखत मागू नका. ट्रॅक्टर उभा असतो, बोली कानावर असते, शेतकऱ्याचे लक्ष तुमच्याकडे असणे शक्यच नाही. वजन होऊन पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, हातात आली की तो बोलतो. भावाच्या आकड्यांसाठी सरकारी अॅगमार्कनेटवर रोजची आवक, किमान, कमाल आणि ‘मोडल’ भाव मिळतो. हा मोडल भाव म्हणजे ज्या भावाने सर्वाधिक व्यवहार झाले तो. कित्येक लेखांत त्याला सरासरी म्हटलेले असते आणि परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

गोदावरीच्या पाण्यावर दरवर्षी कोणी ना कोणी काम घेते. नमुने घेताना तीन गोष्टी सांभाळा. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर ३०० मिलीची बीओडी (जंतूंना पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) मोजायची बाटली पाण्याखाली धरून, आत एकही बुडबुडा राहू न देता भरा, आणि मँगनीज सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड-अझाइड प्रत्येकी १ मिली काठावरच घाला. बाटली तशीच प्रयोगशाळेत आणली तर वाटेत जंतू ऑक्सिजन खात राहतात आणि आकडा खोटा खाली येतो. बीओडीचा नमुना बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवून त्याच दिवशी लावा. निकालाशेजारी पद्धत लिहा: आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस अशी भारतीय प्रमाण पद्धत आहे, परदेशी लेखांत बहुतेक २० अंशांवर पाच दिवस. स्नानाच्या पाण्यासाठी बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम किंवा अधिक हा निकष आहे. त्याच्याशी तुलना करताना पद्धत लपवून चालत नाही.

दुसरे, गंगापूर धरणाचा विसर्ग. आवर्तन सुटले असताना रामकुंडावर घेतलेला नमुना आणि पाणी थांबलेले असताना घेतलेला नमुना एकाच तक्त्यात ठेवून महिन्यांची तुलना करणे चूक आहे. नाशिककर पूर दुतोंड्या मारुतीवरून ओळखतात, नोंदवहीत तेही जरूर लिहा, पण शेजारी जलसंपदा विभागाने जाहीर केलेला क्युसेकचा आकडा हवाच. तिसरे, सिंहस्थ. मागचा २०१५ मध्ये झाला, आताचे मुख्य स्नान २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहे. घाटांची कामे, बंदोबस्त आणि गर्दी यांमुळे त्या काळात नेहमीची ठिकाणे हाती लागणार नाहीत आणि आकडेही नेहमीचे नसतील. सिंहस्थ हाच विषय असेल तर परवानगीचे अर्ज निदान सहा महिने आधी द्या. नसेल, तर संदर्भ-वर्ष म्हणून २०२७ घेऊ नका.

इतिहास-पुरातत्त्वाच्या लोकांसाठी थोडक्यात: पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी लेणी, केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. ठसे घेणे किंवा तिपाई लावून चित्रण करणे परवानगीशिवाय होत नाही. आधी एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडातली वाचने घेऊन जा आणि भिंतीवरच्या अक्षरांशी ताडून पाहा. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख तिसऱ्या लेण्यात आहे. शहरातल्या १९५०-५१ च्या उत्खननाचा सांकळिया आणि देव यांचा अहवाल १९५५ मध्ये निघाला, आणि जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८३ चे आहे. १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयातही जरूर चौकशी करा. तिथे जाताना पूर्ण संदर्भ कागदावर लिहून न्या, ‘नाशिकवरची जुनी पुस्तके’ असे मागू नका.

वैद्यकीय विषयांचे विद्यापीठ, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ पासून नाशिकातच आहे, त्यामुळे गटात एखादा डॉक्टर सहज येतो. त्यांच्यासाठी एकच अट महत्त्वाची: नीती समितीची मंजुरी पहिल्या रुग्णाआधी. काम झाल्यावर मागितलेली मंजुरी मिळत नाही. उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणीही पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हायला हवी.

दिवसाची नोंदवही त्याच रात्री फोनने टिपून ठेवा. फायलीच्या नावात तारीख आधी, ठिकाण नंतर: ‘२०२६-०८-१४_रामकुंड_१’. ‘अंतिम’, ‘अंतिम_नवीन’, ‘अंतिम_खरे’ अशा नावांनी शेवटच्या महिन्यात जुनेच प्रकरण छापायला जाते. तीन प्रती ठेवा: संगणकावर, वेगळ्या हार्डडिस्कवर आणि ऑनलाइन.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

मराठीतल्या प्रबंधाचे नुकसान बऱ्याचदा टंकलेखनाच्या दुकानात होते. अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून देणारे आहेत. कागदावर ते सुंदर दिसते. पण संगणकाच्या लेखी ती अक्षरे मराठी नसतातच. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या देशव्यापी ऑनलाइन संग्रहात, गेलेल्या अशा प्रबंधात एक शब्दही शोधता येत नाही, साम्यतपासणीचे, म्हणजे उचललेला मजकूर शोधणारे, सॉफ्टवेअर त्यातून कचरा वाचते, आणि दहा वर्षांनी कोणी उद्धृत करायचे म्हटले तर पुन्हा सगळे टाइप करावे लागते. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये लिहा. इनस्क्रिप्ट कळफलक रोज अर्धा तास असा तीन आठवडे गिरवला तर हाताला बसतो. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मोफत आहेत.

वर्डमध्ये फॉन्टचा आकार बदलूनही देवनागरी अक्षर बदलत नाही, ही तक्रार नेहमीची. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या वेगळ्या रकान्यात असतो, शैलीच्या सेटिंगमध्ये तो एकदाच नीट लावा. मजकुराची भाषा हिंदी राहिली तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, म्हणून भाषा मराठी करा. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र टाइप करताना नुक्त्याचा ‘ऱ’ आणि पाय मोडायचे चिन्ह वापरा, नाहीतर ‘दर्या’ होऊन अर्थच बदलतो. पीडीएफ करताना फॉन्ट आत समाविष्ट झाले का ते दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहा.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम प्रमाण धरा. त्याआधी पारिभाषिक शब्दांची स्वतःची यादी करा. ‘प्रतिमान’ की ‘प्रारूप’, ‘चल’ की ‘परिवर्तनशील घटक’, एकदा ठरवले की साऱ्या प्रबंधात तेच. संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे; पहिल्या लेखापासून त्यात भरत जा. मराठी पुस्तकांच्या नोंदी बहुतेक हातानेच भराव्या लागतात, तेव्हा पुस्तक हातात असतानाच आवृत्ती, वर्ष आणि पान लिहून घ्या.

लेख, आविष्कार आणि पेटंट

२०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी लेख छापून येण्याची देशपातळीवरची सक्ती राहिलेली नाही, तरी विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. ती आपल्या नोंदणीच्या वर्षाप्रमाणे लेखी विचारून घ्या. मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवली, त्यामुळे नियतकालिक चांगले की वाईट हे आता आपणच ठरवायचे आहे. संपादक मंडळातल्या दोघांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन ते खरोखर तिथे आहेत का पाहा. मागच्या दोन अंकांतले चार लेख वाचा. एकाच अंकात रसायनशास्त्र, योग आणि बँकिंग असेल, किंवा चार दिवसांत स्वीकृती आणि सोबत यूपीआयचा क्रमांक येत असेल, तर तिथे लेख देऊ नका. तिथे छापलेला लेख मागे घेता येत नाही आणि चांगल्या ठिकाणी पुन्हा देताही येत नाही. गटात अशा नियतकालिकांची एक यादी ठेवा, पैसे वाचतात.

परदेशी नियतकालिकांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची सामायिक वर्गणीची योजना जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना खुली झाली. तुमचे केंद्र खासगी अनुदानित असेल तर आपल्या ग्रंथपालांना आणि पुण्याच्या जयकर ग्रंथालयाला नोंदणीकृत संशोधक म्हणून काय मिळते ते विचारा. नाहीच मिळाले तर लेखकाला चार ओळींचे ईमेल लिहून प्रत मागा; बरेच जण आनंदाने पाठवतात.

आविष्कार ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा २००६ पासून चालते, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांपासून शिक्षकांपर्यंत गट असतात. महाविद्यालय, विद्यापीठ, मग राज्य अशी चढण आहे. पोस्टरचे माप त्या वर्षीच्या पत्रकात पाहा. मजकूर दीड मीटरवरून वाचता यावा: मथळा ७० पॉइंटच्या पुढे, मजकूर २८ च्या खाली नाही. पोस्टर पडते ते गर्दीमुळे. एक प्रश्न, एक आकृती, एक निष्कर्ष पुरे. शनिवारच्या बैठकीत तीन मिनिटांत उभ्याने सांगण्याचा सराव करा आणि दुसऱ्या विषयाच्या माणसाला परीक्षक करा.

पण उपकरण, औषधी मिश्रण किंवा प्रक्रिया नवी असेल, तर पोस्टर लावण्याआधी थांबा. पेटंटचा अर्ज करण्याआधी शोध लोकांपुढे मांडला तर त्याचे नवेपण जाते, आणि त्याला कायद्यात असलेली सूट फार अरुंद आहे. आधी तात्पुरते विवरण दाखल करा, त्यानंतर पूर्ण विवरणासाठी १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थेच्या नावाने अर्ज केल्यास २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे.

लेखकांच्या नावांचा क्रम लेख लिहायला घेतानाच ठरवून ईमेलने पाठवा. नंतर ठरवू म्हटले की कटुता येते, आणि ती लेखापेक्षा जास्त टिकते.

साम्यतपासणी

आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे मोजत नाहीत. सगळ्यांत जास्त साम्य निघते ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात, कारण तिथली वाक्ये मागच्या प्रबंधातून उचललेली असतात. ते प्रकरण पुस्तक मिटून, फक्त स्वतः काय केले एवढे डोळ्यांपुढे ठेवून लिहा. तपासणी प्रकरणागणिक करा. सगळे एकदम शेवटी केले तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

पैसे आणि पुण्याच्या खेपा

कनिष्ठ संशोधन फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वरिष्ठ ४२,०००. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्याही फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिराती वर्षात कधीही येतात, तेव्हा जातीचे, उत्पन्नाचे आणि रहिवासाचे दाखले मुदतीत ठेवा. कुठलीही फेलोशिप दर महिन्याला वेळेवर येईल असे धरून घरभाडे ठरवू नका. सहा महिन्यांचा खर्च हाताशी असेल तरच नोकरी सोडा. उपस्थितीचे आणि घरभाड्याचे प्रमाणपत्र महिन्याच्या महिन्याला सही करून घ्या; सहा महिन्यांचे एकदम नेले की एक तरी सही राहते.

पुणे दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि चाकणला गाडी कधी अडकेल याचा नेम नाही. सकाळी अकराची आरएसी असेल तर आदल्या रात्रीच जा. एका खेपेत ग्रंथालय, पीएचडी विभाग आणि लेखा विभाग अशी तिन्ही कामे बसवा, आणि गटातल्या इतरांचे कागदही विचारून घेऊन जा. प्रत्येक अर्जाची एक प्रत आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन परत आणा. हरवलेल्या अर्जावर दुसरे औषध नाही.

व्हायवा आणि त्यानंतर

प्रबंध मार्गदर्शकाखेरीज निदान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात, आणि सारी प्रक्रिया सहा महिन्यांत संपावी असे नियम सांगतो. व्हायवा खुला असतो, गटातल्या सगळ्यांनी जाऊन मागे बसावे आणि विचारलेले प्रश्न वहीत उतरवावेत. दोन-तीन व्हायवांनंतर या वहीची किंमत कळते. तयारीसाठी गटात दोनदा सराव करा. पहिल्यांदा प्रबंध वाचलेल्यांसमोर, दुसऱ्यांदा न वाचलेल्यांसमोर.

पदवी हातात आल्यावर दोन कामे राहतात. ज्यांच्या शेतात, वस्तीत किंवा दवाखान्यात जाऊन माहिती घेतली, त्यांना निष्कर्षांचे एक पान साध्या मराठीत नेऊन द्या. ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले तर फारच चांगले. पुढच्या संशोधकाला त्या गावात दार उघडे मिळते. हेच पान वाढवून चाळीस मिनिटांचे व्याख्यान तयार ठेवा. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकायला येणाऱ्या श्रोत्यांना समजेल अशा भाषेत ते असावे. आधी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी आठशे शब्दांत लिहून पाहिले की भाषा आपोआप सुटते.

दुसरे काम गटाचे. आपल्या जागी नवा सदस्य, शक्यतो कोर्सवर्क चालू असलेला, शोधून द्या. पहिले चार शनिवार त्याच्या शेजारी बसा, नोंदींची वही आणि प्रगती अहवालांचे नमुने त्याच्या हाती सोपवा, आणि खोलीची किल्ली कोणाकडे असते ते दाखवून द्या.